मनकर्णा सिस्टरने धरलेला दावा

माझी मावशी मनकर्णा मेश्राम कुणालाही माफ करत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, तिची ओळख म्हणून सांगते. माझ्या लग्नात एका केटररने वऱ्हाडाच्या शेवटच्या पंगतीला आंबलेली भाजी वाढली होती. आम्ही सगळे ते कधीच विसरलो. मावशी विसरली नाही. अजूनही कुठल्या लग्नाला गेली की ती आधी मंडपाच्या मागे, चुलींकडे जाऊन बघते. तोच माणूस दिसला तर नवरा-नवरीच्या हातात आहेर ठेवते आणि उपाशी घरी येते.

नागपुरात इंदोऱ्याला तिचं घर आहे. सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात तिने उभी नोकरी काढली, म्हणून वस्तीत तिला नावाने कुणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. काका लवकर गेले. मुलगा आयुष पुण्याला नोकरीला. निवृत्त झाल्यावर मावशी चार दिवस घरी बसली असेल, मग तिने विहाराच्या मागच्या रिकाम्या जागेवर डोळा ठेवला. तिथे मुलींसाठी अभ्यासिका बांधायची. आमच्या वस्तीत एका खोलीत पाचसहा माणसं, एक टीव्ही आणि एक रडणारं लेकरू असतं. पोरींनी परीक्षेचा अभ्यास करायचा कुठे? मावशी दारोदार गेली. लोकांनी दिलं. धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी दिलं, रिक्षावाल्यांनी दिलं. भिंती उभ्या राहिल्या. स्लॅबसाठी जमलेले पैसे मावशीच्या खात्यात होते, कारण संस्थेची नोंदणी व्हायची होती आणि तोवर कुणाच्या तरी खात्यात ठेवायचे तर सिस्टरच्याच, असं विहार कमिटीचे अध्यक्ष गोपाळराव सगळ्यांसमोर म्हणाले होते.

त्या उन्हाळ्यात, एका दुपारी, मावशी स्लॅबच्या कार्यक्रमाची सूचना छापायला बसली होती. लॅपटॉप आयुषने दिलेला, प्रिंटर तिने स्वतः घेतलेला. प्रिंटर कागद ओढेना. तिने कंपनीचा मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधला. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. इथेच सगळं घडलं, पण त्या क्षणी त्यात वावगं काय होतं? तुम्ही-आम्ही तेच केलं असतं.

पलीकडून एक पुरुषाचा आवाज आला. हिंदी, शांत, आदबशीर. “माताजी, आप बिल्कुल टेंशन मत लीजिए.” ‘बिल्कुल’ म्हणताना तो ‘ल’वर जरा रेंगाळायचा, जसं कुणी लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा. त्याने तिला एक अ‍ॅप घ्यायला लावलं. त्यातून तिचा पडदा त्याला दिसू लागला. मग तो म्हणाला, प्रिंटर ठीक आहे, पण कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी घुसलंय. पडद्यावर लाल खुणांची रांग लागली. त्याने विचारलं, ह्या मशीनवरून बँकेचं काम करता का? मावशी हो म्हणाली. “माताजी, जे घुसलेत ते आत्ता, या मिनिटाला, तुमचं खातं बघतायत,” तो म्हणाला. “पैसे सुरक्षित खात्यात हलवू. मी आहे ना.”

बोलता बोलता त्याने विचारलं, “माताजी, आपने खाना खाया?”

मावशी जेवली नव्हती. तिने तसं सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही दोन घास खाऊन घ्या, मी थांबतो, फोन ठेवू नका. मावशीने फोन कानाला लावून उभ्या उभ्या पोळी खाल्ली. त्याने मागितलेले आकडे सांगितले. पडदा काळा झाला, तो म्हणाला तपासणी चालली आहे. शेवटी तो म्हणाला, झालं, आता तासभर मशीनला हात लावू नका. मावशी त्याला म्हणाली, “बेटा, तेरा भला हो.”

तासाभराने तिने फोनवर आलेले बँकेचे मेसेज वाचले.

मला तिने फोन केला तेव्हा मी शाळेत शिकवून नुकतीच घरी पोचले होते. एवढंच म्हणाली, “मिनल, तू ये. मी काहीतरी करून बसली.”

मी पोचले तेव्हा ती खुर्चीवर ताठ बसली होती. कूलर चालू होता आणि तिच्या कपाळावरून घाम गळत होता. मी आधी लॅपटॉपचं इंटरनेट तोडलं. मग १९३० लावला, सायबर फसवणुकीची तक्रार तिथे घेतात, आणि त्याच वेळी माझ्या फोनवरून बँकेला सांगून खातं, कार्ड, सगळं बंद करवलं. तक्रार नोंदवली. सगळे पासवर्ड माझ्या घरच्या मशीनवरून बदलले. तो लॅपटॉप पूर्ण पुसून घेईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं मी तिला सांगितलं. ती सगळं ऐकत होती. मध्येच म्हणाली, “मी त्याले आशीर्वाद दिला वं.”

“मावशी, सोड ते.”

“लुटून राहिला होता अन् मी त्याले म्हटलं, तुझं भलं होवो.” तिने पदराने तोंड पुसलं. “हे मी नाही सोडत.”

दुसऱ्या दिवशी सायबर ठाण्यात गेलो. तिथल्या फौजदार कामिनी उईके, तिशीच्या आत-बाहेरच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, तक्रार लवकर आली म्हणून काही रक्कम पुढच्या एका खात्यात अडवली गेली आहे, ती कोर्टाच्या आदेशाने परत मिळेल, पण वेळ लागेल. उरलेली पुढे-पुढे जाऊन काढली गेली.

“तो कुठचा आहे?” मावशीने विचारलं.

“सिस्टर, नंबर एका राज्याचा, खातं दुसऱ्याचं, माणूस तिसरीकडे. असं असतं हे.”

“माणूस तर असेलच न कोठी तरी,” मावशी म्हणाली.

वस्तीला तिने स्वतः सांगितलं. विहारात सगळ्यांना बोलावलं, उभी राहिली आणि काहीही न लपवता सांगितलं. गोपाळराव मान खाली घालून ऐकत होते. बायका हळहळल्या. कुणी ओरडलं नाही. फक्त मागून जितेंद्र, ज्याचं चौकात पानाचं दुकान आहे, तो म्हणाला, “सिस्टर, ओटीपी काय आपोआप गेला?”

“नाही,” मावशी म्हणाली. “मी सांगितला.”

“मंग चोरी कशी म्हणावं?”

त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणंच मावशीला लागलं. पुढच्या आठवड्यात पिठाच्या गिरणीवर दोन बायका बोलत होत्या, सिस्टरचा पोरगा पुण्याला फ्लॅट पाहून राहिला म्हणे. मावशी त्यांच्या मागेच डबा घेऊन उभी होती. तिने दळण घेतलं, घरी आली, आणि आपल्या निवृत्तीच्या ठेवीतून अभ्यासिकेचे पैसे भरून टाकले. गोपाळराव नको म्हणत होते. आयुष फोनवर चिडला. मावशीने कुणाचं ऐकलं नाही.

मला वाटलं, झालं. पैसे भरले, बोलणी थांबली, आता ती हळूहळू सावरेल. मला माझी मावशी कळलीच नव्हती.

ती दुपारी फोन करू लागली. आयुषने वापरून टाकलेला एक साधा फोन, त्यात नवीन सिम, बँकेशी काही संबंध नसलेलं. इंटरनेटवर प्रिंटरचे, फ्रिजचे, गॅसचे, कुठलेही खोटे मदत क्रमांक ती शोधायची आणि लावायची. एका रविवारी मी गेले तेव्हा ती पलंगावर मांडी घालून बसली होती, शेजारी निवडायला घेतलेली मेथी, आणि थरथरत्या आवाजात, जो तिचा मुळीच नाही, बोलत होती: “बेटा, वो कीबोर्ड मतलब? जिसपे गाना बजाते वो?” पलीकडचा माणूस समजावून थकला होता. मावशी एक एक काडी खुडत होती. “रुक बेटा, चष्मा ढूंढती.” चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. अर्ध्या तासाने त्या माणसाने तिला अर्वाच्य शिवी दिली आणि फोन आपटला.

मावशीच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. “हाही तो नाही,” ती म्हणाली.

“तू त्यालाच शोधतेस?”

“मंग काय मी टाइमपास करून राहिली का?” तिने मेथीची पाटी बाजूला सारली. “जेवढा वेळ माझ्याशी बोलून राहिला तेवढा वेळ दुसऱ्या कोण्या बाईले तर फोन नाही करत न तो. हा एक फायदा. पण मले तोच पाहिजे.”

“आवाजावरून ओळखशील?”

“वॉर्डात बायका पडद्यामागं कण्हत, तर कोण कण्हून राहिली ते मले इकडून समजे. त्याचा आवाज तर मी जेवता जेवता ऐकला.”

ह्या फोनमधून कधी कधी एखाद्या खात्याचा नंबर हाती लागायचा. पैसे इथे भरा म्हणून ते सांगायचे. मावशी तो कामिनीताईंना कळवायची. कामिनीताईंनी तिला सरळ बजावलं, “सिस्टर, हे धोक्याचं आहे. तुम्ही ह्यांना फोन करू नका. त्यांचा आला तर उचला, रेकॉर्ड करा आणि मला सांगा. बस.” मावशी हो म्हणाली. फोन करणं तिने कमी केलं. बंद केलं, असं मी म्हणणार नाही.

पावसाळा अर्धा सरला होता. आणि मग त्याचाच फोन आला.

नव्या सिमवर नाही, तिच्या जुन्या, खऱ्या नंबरवर. मी तेव्हा तिच्याकडेच होते, आम्ही दोघी चहा पीत होतो. तिने फोन स्पीकरवर घेतला आणि रेकॉर्डिंग लावलं. “मैं साइबर रिकवरी विभाग से बोल रहा हूं. आपकी कंप्लेंट पर कार्रवाई हुई है, आपका पूरा पैसा मिल गया है.” ते परत मिळवायला थोडी फी भरावी लागेल, असं तो सांगत होता. एकदा लुटलेल्या माणसाला पुन्हा लुटायची ही त्यांची रीत असते, हे आम्हाला नंतर कळलं. ज्याचं गेलंय तो परत मिळण्याच्या आशेने सहज हात पुढे करतो. नाव-नंबर त्यांच्याकडे असतोच.

“मिलेगा क्या पैसा? सच्ची?” मावशीने विचारलं.

“बिल्कुल माताजी,” तो म्हणाला.

मावशीने कप खाली ठेवला.  तिने माझ्याकडे बघितलं आणि ‘हाच’ अशी मान हलवली. मला वाटलं आता ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. पण ती रडायला लागली. खरंखुरं, हुंदके देऊन. आजही मला सांगता येत नाही, त्या रडण्यातलं नाटक किती होतं.

“बेटा, तू देवासारखा आला,” ती मोडक्या हिंदी-मराठीत म्हणाली. “पर मेरा खाता बंद है. पोट्ट्याने मोबाईल का सब निकाल दिया. मेरे पास नगद है. और पाटल्या है सोने की. कोई आदमी भेजेगा क्या?”

 तो म्हणाला, विचारून सांगतो.

फोन ठेवल्यावर मावशीने डोळे पुसले, चप्पल घातली आणि मोपेड काढली. “चाल,” मला म्हणाली. रेकॉर्डिंग झालेलं होतं. कामिनीताईंनी ते दोनदा ऐकलं. पहिल्यांदाच मला त्या बाईंच्या चेहऱ्यावर काही हललेलं दिसलं.

“सिस्टर, माणूस आला तर तो हाताखालचाच असेल. बोलणारा नाही यायचा.”

“येऊ द्या. हाताखालच्याले हात असते न, त्याचा धरू.”

जागा ठरली गांधीबाग. मावशीनेच सुचवली. घरात नसलेली सून पुढे करून म्हणाली, मी तिथे साड्या घ्यायला येणार आहे, घरी सून असते, तिच्यासमोर नको. त्या माणसाला गर्दीची जागा सोयीची वाटली असणार, तो लगेच तयार झाला. गांधीबागेत कापडाच्या ठोक बाजारात मावशीच्या ओळखीचं एक साड्यांचं दुकान आहे. मालकाशी पोलीस आधीच बोलून आले. ठरल्या दुपारी मावशी गादीवर बसली, समोर साड्यांचा ढीग. शेजारी कामिनीताई साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, भाची म्हणून. खरी भाची मी, मला त्यांनी समोरच्या दुकानात चादरी बघत बसवलं होतं. माझ्या दुकानदाराने माझ्यापुढे चादरींमागून चादरी उलगडल्या आणि मला त्यातल्या एकीचाही रंग आठवत नाही.

गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवलेला, शर्ट इन केलेला एक माणूस आला. हातगाड्यांमधून वाट काढत, दुकानांच्या पाट्या वाचत. दुकानात शिरला, वाकून मावशीला नमस्कार केला. मावशीने पिशवी उघडली. आत जुने कागद होते. त्याने हात पुढे केला आणि मावशीने त्याचं मनगट धरलं. सुई टोचताना रोग्याने हात ओढू नये म्हणून धरतात तसं, अंगठा नेमका हाडावर दाबून. तो कळवळला. कामिनीताईंची माणसं साड्यांच्या गठ्ठ्यांमागून उठेपर्यंत ते मनगट तिने सोडलं नाही. कामिनीताईंना म्हणावं लागलं, “सिस्टर, आता आमच्याकडे द्या.”

त्या माणसाने संध्याकाळ व्हायच्या आत सगळं सांगितलं. म्हातारी पैसे परवा देते, असा निरोप त्याच्याच फोनवरून पाठवून पोलीस दोन दिवस थांबले, मग त्यांनी हिंगण्याच्या रस्त्यावरच्या एका नव्या इमारतीतल्या फ्लॅटवर धाड घातली. तिथे टेबलं होती, हेडफोन होते, भिंतीला चिकटवलेले बोलायचे कागद होते. मावशी शोधत होती तो आवाजही तिथेच सापडला. त्याचं नाव दुर्गेश. राहणारा भिवापूरचा.

“नागपुरात?” मावशीने फोनवर कामिनीताईंना विचारलं. “इथंच बसून राहिला होता? अन् मी समजून राहिली, कोण्या परमुलखातला असन.” फोन ठेवून ती अंगणात आली. “आपलंच ऊन अन् आपलंच पाणी,” ती म्हणाली. “मराठी येत असन त्याले. मी मोडकीतोडकी हिंदी बोलून राहिली, अन् तो मनात हासत असन.”

जबाबासाठी तिला ठाण्यात बोलावलं तेव्हा मी सोबत होते. तिने कामिनीताईंना एकच मागणं केलं. मले त्याच्याशी एक मिनिट बोलू द्या. कामिनीताई नाही म्हणाल्या. पण बाहेर पडताना वऱ्हांड्यात त्याला दुसऱ्या खोलीत नेत होते, आणि मावशी वाटेत उभी राहिली. शिपायांनी बाजूला व्हायला सांगितलं, ती झाली नाही.

तीस-बत्तीसचा माणूस. नीट भांग, स्वच्छ शर्ट. शेजारच्या घरी गॅसचा नंबर लावायला आलेला वाटावा असा. त्याने मावशीला ओळखलं नाही. कसं ओळखणार? त्याने तिला पाहिलेलंच नव्हतं.

“मी प्रिंटरवाली,” मावशी म्हणाली. “इंदोऱ्याची.”

त्याने खाली बघितलं. “काकू, चुकी झाली,” तो मराठीत म्हणाला. आवाज तोच होता, मीही ओळखला.

“ते ठेव तुझ्यापाशी. मले एक सांग. त्या दिवशी तू मले जेवली का म्हणून काहून विचारलं?”

त्याला प्रश्नच समजला नाही. मावशीने पुन्हा विचारला. तेव्हा तो म्हणाला, “ते लिहिलेलं असते काकू. समोरचा माणूस फोन ठेवू नये म्हणून. सगळ्यायले विचारतो आम्ही.”

शिपाई त्याला घेऊन गेला. मावशी भिंतीला टेकली. मी पाणी आणायला वळले, तर तिने माझा हात धरून थांबवलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “सगळ्यायले विचारतो,” ती म्हणाली. “पाह्य मिनल. मी इतके दिवस म्हणून राहिली होती, निदान तेवढं तरी त्याच्या मनातून आलं असन.” त्या वऱ्हांड्यात तिचा राग थंड झाला. विझला नाही. घट्ट झाला, एवढंच.

दिवाळीच्या आधी त्याची आई आली. कांताबाई नाव. पत्ता कुठून काढला कोण जाणे. गोपाळराव तिला घेऊन आले होते, म्हणजे आधी त्यांच्याकडे रडून झालं होतं. म्हातारी बाई, लुगडं धुवून धुवून विरलेलं. भिवापुरात व्यापाऱ्याच्या आवारात मिरच्यांची देठं खुडायचं काम करते. दारातच तिने मावशीचे पाय धरले.

“बाई, एवढंच म्हणा का आवाज नक्की ओळखू येत नाही. वकीलसाहेब म्हणते, तेवढं म्हटलं तर सुटते.”

मावशीने तिला उठवलं, खाटेवर बसवलं. तिचे हात बघितले. तळवे लाल, बोटांच्या पेरांना भेगा, त्या भेगांत मिरचीचं तिखट मुरलेलं. मावशी आत गेली, थंड दुधात बुडवलेलं फडकं घेऊन आली आणि म्हातारीचे हात त्यात गुंडाळून आपल्या मांडीवर घेऊन बसली. कपाटातून एक मलमाची ट्यूब काढून दिली, दिवसातून कितीदा लावायचं ते सांगितलं. हातमोजे मागा मालकाले, म्हणाली. मला वाटलं, विरघळली.

“त्याने मले सांगितलं, कंपनीत आहे,” कांताबाई रडत म्हणाली. “कॉम्प्युटर दुरुस्तीच्या. मी सगळ्या गल्लीले पेढे वाटले.”

“तुम्हालेही फसवलं त्याने,” मावशी म्हणाली.

“माय, एकुलता आहे.”

“हात दुखले तर या. माझ्याकडं मलम आहे, मी पट्टी करीन. केव्हाही या.” मावशीने फडकं सोडवलं. “पण जबाब नाही बदलत मी. त्याचा आवाज मी ओळखते, अन् कोर्टात ओळखते म्हणूनच सांगीन.”

गोपाळरावांना राहवलं नाही. “सिस्टर, आपण बुद्धाचं नाव घेणारे लोक. मन मोठं करा.”

“मन मोठंच आहे गोपाळराव,” मावशी म्हणाली. “म्हणून तर एवढा राग मावून राहिला. गिरणीवर माझ्या पोराचं नाव निघालं तेव्हा कोण बोललं मध्ये? तुम्ही होते का?”

गोपाळराव उठून चप्पल घालू लागले. मी कांताबाईला बसस्टँडवर सोडायला गेले.  उतरताना एवढंच म्हणाली, “तुमची मावशी वाईट बाई नाही. पण बाप्पा, लय कठीण आहे.”  खरं सांगायचं तर त्या दिवशी मी मनातून कांताबाईच्या बाजूची होते.

अभ्यासिकेचा स्लॅब जानेवारीत घातला. कोर्टाच्या आदेशाने अडवलेली रक्कम परत आली, ती मावशीच्या ठेवीत गेली. बाकीची येईल असं कुणी म्हणत नाही. स्लॅबच्या दिवशी जितेंद्र घमेली उचलायला सगळ्यात आधी आला होता. मावशीने सगळ्यांना स्वतः चहा दिला, त्याच्या हातात मात्र दिला नाही. कप त्याच्या शेजारी भिंतीवर ठेवला आणि पुढे गेली.

त्याच महिन्यात तिने विहारात बायकांना गोळा केलं. मला वाटलं होतं मी काहीतरी समजावून सांगावं, पण तिने मला उठूच दिलं नाही. “ऐका वं,” ती म्हणाली. “नंबर पाहिजे तर वस्तूच्या डब्यावरचा पाह्यचा, इंटरनेटवर वर दिसते तो नाही. तुमच्या फोनचा पडदा जो मागते, तो चोर. घाई करते तो चोर. पैसे दुसऱ्या खात्यात ठेवा म्हणते तो चोर. अन् गेलेले पैसे आणून देतो, पहिले फी द्या म्हणते, तो त्याच चोराचा भाऊ. फसलात तर लाजून घरात नका बसू, त्याच मिनिटाले १९३० लावा. लाज त्याले वाटली पाहिजे, तुम्हाले काहून?” बायका ऐकत होत्या. गिरणीवरच्या त्या दोघीही होत्या, पुढच्याच रांगेत.

फेब्रुवारीत दुर्गेशला जामीन मिळाला. मावशी प्रत्येक तारखेला हजर होती, तो मिळाला त्या दिवशीही. खटला चालू राहील, निकाल व्हायचा तेव्हा होईल, असं सरकारी वकिलांनी तिला समजावलं. जामिनाची अट अशी होती की दर सोमवारी त्याने ठाण्यात येऊन सही करायची. मावशीने ही अट दोनदा विचारून घेतली.

तेव्हापासून ती दर सोमवारी सकाळी मोपेड काढते. ठाण्याच्या फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाचं झाड आहे, त्याखाली गाडी लावून उभी राहते. तो येतो, सही करतो, जातो. ती त्याला काही म्हणत नाही, त्याच्या वाटेत जात नाही. फक्त बघते. कामिनीताईंनी मला बोलावून सांगितलं, सिस्टरना समजवा. मी विचारलं, ती काही गुन्हा करतेय का? त्या म्हणाल्या, तसं नाही. आणि मग म्हणाल्या, राहू द्या.

एका सोमवारी मी तिच्यासोबत गेले. ऊन तापायला लागलं होतं. तो रिक्षातून उतरला, तिला बघितलं, आणि त्याची चाल बदलली, ते मला स्पष्ट दिसलं. सही करून बाहेर आल्यावर तो उभा राहिला, मग रस्ता ओलांडून आमच्याकडे आला.

“काकू,” तो म्हणाला, “अजून किती दिवस येणार तुम्ही?”

“तू येशील तितके दिवस.”

“माझ्या आईने तुमचे पाय धरले.”

“तिचे हात बरे झाले का?” मावशीने विचारलं.

 त्याने खिशातून फोन काढला, परत ठेवला, आणि रस्त्याच्या कडेने निघून गेला. रिक्षाही केली नाही.

“मावशी, ह्याने तुला बरं वाटतं का गं?” मी विचारलं.

ती गाडीचं स्टँड काढत होती. थोडा विचार करून म्हणाली, “नाही.” मग डोक्याला ओढणी बांधून घेतली. “पण मी घरी बसली अन् तो आरामात सही करून गेला, तर त्याच्यापेक्षा वाईट वाटते. बस मागं. टाइल्सवाला येऊन राहिला अभ्यासिकेत, त्याच्यावर डोळा ठेवा लागते.”

मी मागे बसले. सिग्नलवर गाडी थांबली तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, मुलींना पांढऱ्या टाइल्स नको, डाग दिसतात, करड्या घेऊ.